त्रिपुरीच्या फोटोतला माणूस

सकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं असताना रघुवीर कोष्टीचा फोन वाजला. पलीकडं आक्काताई होत्या, त्याच्या मित्राची, निवासची आई.

"रघू, निवासचा फोटू कवा काढलास रं?"

"कुठला फोटो, मावशी?"

"भिंतीवर आलाय की. वृषालीच्या मागं हुबा हाय. दाढी वाढवलीया, वाळलाय लई. आन् तू मला सांगितलं न्हाईस?"

रघुवीरनं शटर तसंच अर्ध्यावर सोडलं आणि गाडीला किक मारावी तसा पाय आपटला. गाडी विजेची होती, तिला किक नव्हती. घाबरला की अजून त्याचा पाय तसा जायचा.

निवासला नाहीसं होऊन सात वर्षं उलटली होती. बेदाण्याचा टेम्पो घेऊन तो इंदूरकडं गेला तो गेलाच. टेम्पो एका ढाब्याच्या मागं सापडला. माल जागच्या जागी, किल्ली जागच्या जागी, सीटवर टॉवेलची घडी. माणूस तेवढा नव्हता. पोलीस झाले, दवाखाने झाले, मठ-आश्रम झाले. प्रत्येक ठिकाणी वृषालीबरोबर रघुवीर गेला होता. कुणी लग्नाचं विचारलं की तो हसून विषय बदलायचा, असं करता करता चाळिशी उलटली. वृषालीनं शिलाईमशीनवर घर चालवलं, सासूला सांभाळलं. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कोर्ट मृत ठरवू शकतं. तसा अर्ज तिनं केला होता आणि पुढच्या महिन्यात तारीख होती. ती झाली की दोघं रजिस्टर लग्न करणार होते. हा विषयसुद्धा आक्काताईंनीच काढला होता. "तुझं तरी कोण हाय, आन् हिचं तरी कोण हाय," एवढंच बोलून त्या उठल्या होत्या आणि बराच वेळ मोरीत भांडी घासत बसल्या होत्या.

कागदाचे अल्बम जाऊन आता घाटवडीत घरोघरी भिंतीवर फ्रेम आली होती. पाटीएवढा पातळ पडदा. तो नेटवरून स्टुडिओच्या साठ्याला जोडलेला असायचा आणि त्यावर घरचे फोटो बदलत राहायचे. गावातल्या निम्म्या भिंती रघुवीरच्या साठ्यावर चालत होत्या.

तो आत शिरला तेव्हा आक्काताई फ्रेमसमोर पाटावर बसल्या होत्या. फोटो त्याच्या ओळखीचाच होता, दोन वर्षांपूर्वीच्या त्रिपुरी पौर्णिमेचा. त्या रात्री घाटवडीच्या घाटावरचे सगळे विजेचे दिवे बंद करतात. सगळ्या पायऱ्यांवर पणत्या लागेपर्यंत कुणी बॅटरीसुद्धा लावायची नाही, फ्लॅश तर नाहीच, असा गावचा रिवाज. फोटोत वृषाली वाकून पणती लावत होती आणि पणतीचा उजेड तेवढा तिच्या तोंडावर पडला होता. तिच्या मागं सगळं काळं होतं. त्या काळ्यामुळंच तर तो फोटो त्याला आवडायचा.

आता तिथं काळं नव्हतं. पायऱ्या होत्या, दगडी दीपमाळ होती, आणि वृषालीच्या डाव्या खांद्यामागं निवास उभा होता. गाल बसलेले, दाढी वाढलेली, नजर तिच्या पाठीवर. 

वृषाली आतून आली. गळ्यात मापाची टेप तशीच होती. निवास असताना ती रघुवीरला भावजी म्हणायची. गेलं वर्षभर ती त्याला काहीच म्हणत नव्हती, नुसतं 'ऐकलं का' म्हणायची. ते काहीच न म्हणणं त्याला फार गोड वाटायचं.

"भावजी," ती म्हणाली, "हा फोटो तुम्हीच काढलाय ना?"

"मीच. पण हा असा नव्हता. मागं कुणीच नव्हतं."

"कुणीच नव्हतं, की दिसत नव्हतं?"

रघुवीरनं चपला पायात सरकवल्या.

स्टुडिओत परत येऊन तो खुर्चीत बसून राहिला. काय झालं असणार हे त्याला अर्धंमुर्धं कळलं होतं.

कॅमेऱ्याच्या आत पाटीवर लाखो बारीक खाचा असतात. झाप उघडी असताना ज्या खाचेत जितका उजेड पडेल तितका आकडा ती खाच नोंदवते. रॉ फाइल म्हणजे हे आकडे. तो फोटो नव्हेच, ते फोटोचं पीठ. भाकरी कशी थापायची ते सॉफ्टवेअर ठरवतं. आणि जिथं उजेड पडलाच नाही तिथले आकडे म्हणजे नुसती खरखर असते, स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी.

रघुवीर गेली कित्येक वर्षं 'प्रभा' नावाचं सॉफ्टवेअर वापरत होता. त्याची चौथी आवृत्ती साधी होती. काळोख उजळ म्हटलं की ती तिथले आकडे वाढवायची. खरखरही वाढायची, फोटोवर रवा सांडल्यासारखी दिसायची, म्हणून माणूस बेतानं उजळायचा. अशी प्रत्येक सूचना फाइलच्या शेजारी एका चिठ्ठीत राहायची. मूळ आकड्यांना हात लागत नसे. त्रिपुरीच्या फोटोच्या चिठ्ठीतही काळोख जरासा उजळ, एवढी एक सूचना होती.

गेल्या आठवड्यात कंपनीनं चौथी बंद केली आणि सगळा साठा नवव्या आवृत्तीत गेला. 'तुमचे जुने फोटो नव्या आवृत्तीत जसेच्या तसे उघडतील, फक्त अधिक स्पष्ट,' असं त्यांनी कळवलं होतं. जसेच्या तसे आणि अधिक स्पष्ट, या दोन गोष्टी एका वाक्यात कशा राहतील हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. नववी तीच जुनी चिठ्ठी वाचत होती, पण तिचा अर्थ वेगळा लावत होती. काळोख उजळ म्हटलं की ती आकडे वाढवत बसत नव्हती. इथं काय असायला हवं, असं ती स्वतःला विचारायची. मग स्टुडिओचा सगळा साठा धुंडाळायची. ही बाई कोण, हिच्याजवळ एरवी कोण उभं असतं, कोणत्या बाजूला, केवढ्या उंचीचं. जे उत्तर मिळेल ते त्या खरखरीवर बसवून द्यायची.

आणि निवासचा चेहरा तिला एवढा पाठ कसा? तो रघुवीरनंच पाठ करून घेतला होता. गावाकडं माणूस गेलं की घरचे हाराच्या फोटोसाठी स्टुडिओत येतात आणि गेलेल्याचा एकट्याचा फोटो कधीच नसतो. कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतून चेहरा उचलायचा, त्याला कोट घालायचा, मागं निळा पडदा द्यायचा. म्हणून साठ्यातल्या प्रत्येक चेहऱ्याला नाव देऊन ठेवायची त्याला सवय होती. निवास नाहीसा झाल्यावर 'हरवले आहेत'च्या पोस्टरसाठी त्यानं त्याचा एकूण एक फोटो शोधून नाव लावलं. दाढी वाढली तर कसा दिसेल, वाळला तर कसा दिसेल, तेही बनवून घेतलं. घाटावर उभ्या असलेल्या निवासची दाढी ही त्या पोस्टरचीच दाढी होती.

साठ्यातून निवासचं नाव काढलं की तो सगळ्या भिंतींवरून एका क्षणात पुसला गेला असता. रघुवीरचं बोट एकदा तिथवर गेलं. पण आक्काताई पाटावर बसल्या असतील, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पोरगा विरघळेल. तोही कुणाच्या हातानं? त्यानं बोट मागं घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो वृषालीला हे सगळं सांगायला गेला. ती ब्लाउजला हुक लावत ऐकत होती. पोस्टरच्या दाढीचं सांगितलं तेव्हा तिनं सुई थांबवली.

"म्हणजे मशीननं ते चित्र काढलंय म्हणता."

"हो."

"मग बाकीचं? दीपमाळ खरी आहे. पायऱ्या खऱ्या आहेत. शेजारी शिंद्यांची काकी आहे, तीही खरी आहे, मी स्वतः तिला तेल दिलं होतं. नेमका हाच तेवढा खोटा?"

"काकींवर पणतीचा पुसट उजेड होता. तिथं थोडे तरी आकडे आहेत."

"भावजी, मला आकड्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं, की तो खोटा असला तर तुमचं बरं आहे." ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. "माझंही बरं आहे. तेच तर वाईट आहे. मी 'खोटा' म्हणायला तोंड उघडते आणि मला माझीच लाज वाटते."

आत आक्काताई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "वकिलाला म्हनावं, अर्ज माघारी घ्या. जित्या मानसाचा दाखला काढत्यात व्हय?"

गावाला तर खाऊ मिळाला होता. स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर रघुवीर गेला की बोलणं थांबायचं. एकदा थांबलं नाही. बाळू तेली कप विसळत मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "मित्र घाटावर येऊन गेला, आन् ह्या पठ्ठ्यानं दोन वर्षं काळी शाई फासून फोटू दाबून ठिवला. नवी आवृत्ती आली म्हणून उजेडात आलं बाबा!"

"बाळू, शाई फासायची असती तर मूळ फाइल ठेवली असती का?"

"मला काय माहीत? तुम्ही मोठं फोटोग्राफर. मेल्यालासुद्धा कोट घालता."

सगळे हसले. रघुवीरनं चहा तसाच ठेवला.

आता एकच मार्ग होता. स्टुडिओच्या माळ्यावर गोधडीत गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर होता. त्यावर प्रभाची चौथी आवृत्ती अजून जिवंत होती, कारण त्याला वर्षानुवर्षं नेट लावलं नव्हतं. नेट मिळालं असतं तर तिनं स्वतःच स्वतःला नववी करून घेतलं असतं. कॅमेऱ्याची जुनी कार्डंही डब्यात होती. त्यानं सगळं खाली आणलं, धूळ झटकली, आणि त्रिपुरीची ती रात्र उघडली.

वृषाली, पणती आणि मागं काळं. त्याला हायसं वाटलं. मग त्यानं काळोख हळूहळू उजळायला सुरुवात केली. रवा सांडू लागला. खांद्यामागं काळ्यापेक्षा थोडं कमी काळं असं काहीतरी उभं होतं. माणूस असावा. चेहऱ्याच्या जागी नुसती खरखर. निवास नव्हता, पण कुणीतरी होतं.

आणि त्या आकाराच्या कमरेशी एक लाल ठिपका होता.

त्यानं ठिपका मोठा केला. अधलीमधली एखादी खाच बिघडली की असा एकटा लाल ठिपका येतो. नवव्या आवृत्तीनं तो दोष समजून पुसला होता. पण बिघडलेल्या खाचेचा डाग त्या रात्रीच्या सगळ्याच फोटोंत त्याच जागी दिसला असता. त्यानं मागचा-पुढचा फोटो पाहिला. तिथं तो नव्हता. तो उजेड होता, कुणाच्या तरी हातातला.

घाटावर त्या वेळी कुणी बॅटरीसुद्धा लावत नाही. लाल दिवा फक्त एकाच वस्तूला होता. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून लांबून खटका दाबायच्या त्याच्या रिमोटला.

रघुवीर पडद्यापासून मागं सरकला. त्या रात्री त्यानं शेकडो फोटो काढले होते, कधी इथून, कधी तिथून. पण आता त्याला पायाखालची ओली पायरीसुद्धा आठवली. कॅमेरा वर ठेवून तो खाली उतरला होता. वृषालीचा पदर पणतीला लागेल म्हणून, असं त्यानं मनाला सांगितलं होतं. खरं म्हणजे त्याला एकदा तिच्या मागं उभं राहायचं होतं. काळोखात, कुणाला न दिसता, तिलाही न कळता. आणि तिथूनच त्यानं खटका दाबला होता.

मशीननं निवासला रिकाम्या जागी उभं केलं नव्हतं. रघुवीरला पुसून त्याच्या जागी उभं केलं होतं.

त्यानं ते छापायला पाहिलं, तर छपाईचं यंत्र नवव्या आवृत्तीतूनच फाइल घ्यायचं. निघालेल्या कागदावर निवास होता. मग त्यानं जुन्या पडद्याचाच मोबाईलनं फोटो काढला. मोबाईलच्या कॅमेऱ्यातही प्रभाची नववीच होती. पडद्यातल्या काळोखातसुद्धा त्यानं निवास उभा केला. खरं काय ते आता फक्त या एका जुन्या पडद्यावर दिसत होतं, आणि ज्याला पाहायचं त्यानं इथं येऊनच पाहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आल्या. पहिल्या मजल्यावरच्या स्टुडिओचा जिना चढायला आक्काताईंना त्रास झाला. त्या खुर्चीवर टेकल्या, चष्मा पुसला, आणि पडद्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यात तर काय दिसंना."

"तेच तर सांगतोय, मावशी. कॅमेऱ्याला त्या रात्री दिसलं ते एवढंच."

"मागल्या साली माजा चष्मा बदलला," आक्काताई म्हणाल्या. "जुन्या चष्म्यानं मला जात्याची कड दिसत नव्हती, नव्यानं दिसाय लागली. म्हंजे कड खोटी व्हय रं? तुजं हे जुनं मशीन आंधळं झालंय. त्याला कशाला ताप देतोस?"

 ती बाई हट्टानं बोलत नव्हती. सात वर्षांनी तिच्या ताटासमोर पोरगा बसला होता, आणि ती त्याला उठवायला तयार नव्हती.

"मी जाते. त्याच्यासमोर जेवायचं असतंय मला दुपारी." त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "रघू, तू वाईट न्हाईस. पर तुजं काम फोटूचं हाय म्हणून सांगते, आसलेल्याला न्हाई म्हनू नगंस."

वृषालीनं त्यांना खाली रिक्षात बसवलं आणि ती परत वर आली. पडद्यासमोर उभी राहिली.

"हा लाल ठिपका कसला?"

त्यानं ड्रॉवर उघडून रिमोट काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं बटण दाबलं. तिच्या तळव्यात लाल उजेड लागला. ती एकदा त्याच्याकडं बघे, एकदा पडद्याकडं.

"हे तुम्ही आहात."

"हो."

"दोन वर्षांपूर्वी. तेव्हा तर आपलं काहीच नव्हतं."

"तुमचं नव्हतं," तो म्हणाला.

रस्त्यावरून भंगारवाल्याचा भोंगा गेला. ती रिमोटचं बटण दाबत राहिली, लाल, काळं, लाल, काळं.

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत."

"पहिल्या दिवशी मलाच माहीत नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी काय? तो तिथं नव्हता, मी होतो. तुम्ही मला आणखीनच खोटा म्हणाला असता."

"म्हणाले असते," तिनं कबूल केलं. मग ती म्हणाली, "पाच दिवस मी त्याच्याशी भांडत होते, ऐकलं का? रात्री फ्रेमकडं बघून. दोन पायऱ्यांवर येऊन उभा राहिलास आणि हाक मारली नाहीस? एवढा कसला राग? पाच दिवस." तिनं रिमोट मुठीत आवळला. "आणि तो आलाच नव्हता. आता हे भांडण मी कुणाला परत मागू?"

रघुवीरनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं घेतला नाही. डोळे पदराच्या टोकानं पुसले आणि एकदम विचारलं, "तुमचा कॅमेरा कुठं आहे?"

"का?"

"लावा तिकडं. आणि ते मोठे दिवे लावा. सगळे."

त्यानं लग्नाच्या फोटोंचे दिवे लावले. भिंतीवर सावलीसुद्धा उरली नाही. ती मधोमध उभी राहिली, डाव्या खांद्यामागची जागा तिनं बोटानं दाखवली आणि तो तिथं जाऊन उभा राहिला. हातातल्या रिमोटनं खटका तिनं दाबला.

नवव्या आवृत्तीत फोटो उघडला. एकही काळी खाच नव्हती, त्यामुळं मशीनला भरायला काही मिळालं नाही. रघुवीर रघुवीरच होता, पिकू लागलेले कल्ले, घाबरलेला चेहरा. पण त्याच्या गळ्याखाली एक चौकट आली आणि प्रश्न आला: हे निवास आहेत का? हो. नाही.

वृषालीनं 'नाही'वर बोट ठेवलं.

मशीननं क्षणभर विचार केला. मग त्याखाली नवी ओळ उमटली: या व्यक्तीच्या जागी चुकून निवास दाखवलेले इतर फोटो सापडले आहेत. सगळीकडे दुरुस्त करू? शेजारी लहान लहान चित्रं होती, आणि पहिलंच चित्र त्रिपुरीचं होतं. हो म्हटलं की तो फोटो प्रत्येक भिंतीवर त्याच घटकेला बदलणार होता.

रघुवीरनं हात पाठीमागं घेतले. हे बोट त्याचं असून चालणार नव्हतं.

वृषालीनं हात उचलला आणि हवेतच धरला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग हात खाली घेऊन मांडीवर ठेवला आणि ती स्टुलावर बसली.

"आत्या आता ताट घेऊन बसल्या असतील," ती म्हणाली. "त्यांचं जेवण होऊ द्या."

रघुवीरनं मोठे दिवे एकेक करून बंद केले आणि दुसरं स्टूल तिच्याशेजारी ओढलं. पडद्यावर प्रश्न तसाच होता. दोघं त्याच्यासमोर बसून राहिली.